इंझोरीचा फोनो आणि सरकारी कर्णा

साखरपुडा झाला होता, साखर वाटून झाली होती, आणि शिरपूरची मंडळी परतीच्या एसटीची वेळ विचारत होती. म्हणजे आणखी पाव घटका गोजराबाईनं गालात सुपारी धरून काढली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण तिची होणारी विहीण केशरबाई चहा बशीत ओतता ओतता म्हणाली, "लग्नात बाजाची काळजी करू नका, इनबाई. आमच्या घरी फोनो हाये, सासऱ्याच्या टायमाचा. बंडीत टाकून आनतो."

आता यात वाईट काय होतं? फोनोत, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनात, काही नव्हतं. वाईट होतं ते 'काळजी करू नका'मध्ये. आपली काळजी दुसऱ्या कोणी करावी हे गोजराबाईला जन्मात खपलं नव्हतं. तापात पडली तरी ती वैद्यालाच विचारायची, तुमची तब्येत बरी दिसत नाही, जेवता का नाही वेळेवर.

"कायले बैलायले तरास देता," ती म्हणाली. "फोनो आमच्याही घरी हाये. माह्या माहेरचा, इंझोरीचा. माह्या लग्नात माह्या मांगच्या बंडीत बसून आला."

"वाजते का पन?"

"वाजते का म्हनता? तुमी वेशीजवळ असान तं तिथं आईकू येईन."

केशरबाईनं बशी खाली ठेवली, तोंड पुसलं. "मंग तं बरंच झालं. तुमचाच वाजवा, नवरदेव मांडवात येईन तवा. तरी आमचा सोबत आनून ठेवतो. तुमचा कुठं अटकला-बिटकला तं असू द्या बाजूले."

कोपऱ्यात शेषराव गुरुजींना खोकला आला. गुरुजी गोजराबाईचे यजमान, शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलेले; समोरचा चुकीचं बोलत असला तरी वाक्य पुरं होऊ द्यावं असा त्यांचा नेम होता, आणि घरात तो नेम कधी मोडायची वेळ आली नव्हती, कारण बायकोचं वाक्य पुरं होतच नव्हतं. इंझोरीचा फोनो शेवटचा वाजला तो चीनच्या लढाईच्या साली, हे त्यांना ठाऊक होतं. आता चौऱ्याहत्तर साल चालू होतं.

लग्नाला बावीस दिवस होते. बावीस दिवसांनी दोनातली एक गोष्ट होणार होती. नवरदेव मांडवात शिरताना एक तर इंझोरीचा फोनो वाजेल, नाही तर केशरबाईचा वाजेल; गोजराबाईच्या दारात, गोजराबाईच्या मांडवात, तिच्या चार भावांच्या आणि अख्ख्या इंझोरीच्या देखत. दुसरी गोष्ट ती जिवंत असेस्तोवर होऊ देणार नव्हती, आणि मरायला सध्या सवड नव्हती. पापड व्हायचे होते.

पाहुण्यांची एसटी वळणाआड गेली तशी तिनं माळ्यावरून फोनोची पेटी खाली काढली. झाकण उघडल्याबरोबर पापडखाराचा भपकारा आला, कारण गेली बारा वर्षं त्या पेटीत पापडखार, हिंग आणि गुरुजींचे जुने मोजे राहत होते. ते सगळं बाहेर काढल्यावर खाली एक गंजलेली कमान आणि दोन दातेरी चाकं निघाली. वरची थाळी नव्हती. हँडल नव्हतं. कर्णा नव्हता. सुई जिच्यात बसते, ती गाणारी डबी नव्हती.

"चोरी झाली म्हना लागते," गुरुजी हळूच म्हणाले.

"चोरी कायची होते? म्या देल्लं."

आणि ते खरं होतं. गोजराबाईची एक सवय होती. घरात आलेल्या माणसाची नजर एखाद्या वस्तूवर दोनदा गेली की ती म्हणायची, "घेऊन जा. आमच्या घरी काय कमी हाये." फोनो बंद पडला तसे त्याचे तुकडे असेच एकेक करून गावभर गेले. प्रत्येक तुकडा देताना तिची मान थोडी उंच झाली होती. आता अडचण अशी, की दिलेली वस्तू परत मागणं ही तिच्या लेखी उष्टं खाण्याच्या पलीकडची गोष्ट होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं कोणाच्या दारी 'द्या' म्हटलं नव्हतं. शेजारी विरजण मागायला सुद्धा ती जात नसे; दूध नासलं तर नासलं.

त्या दिवसापासून तिचं बूड जमिनीला टेकलं नाही. जेवताना उठायची, दाराशी जायची, परत यायची. बेबीला, म्हणजे जिचं लग्न त्या पोरीला, हळदीच्या लुगड्याबद्दल विचारायचं होतं. चार दिवसांत तिला आईचं तोंड नीट सापडलं नाही.

पहिली फेरी शेलूबाजारला झाली. स्टँडच्या बाजूला दौलतसिंगचं दुकान. स्टोव्ह, कुलपं, बॅटऱ्या आणि भिंतीवरची घड्याळं तो दुरुस्त करायचा. गोजराबाई पेटी लुगड्याच्या पटकुरात गुंडाळून, मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. जीपमधल्या अकरा माणसांनी विचारलं, काय हाये वो. तिनं अकराही जणांना सांगितलं, "कपडे." वास पापडखाराचा येत होता.

दौलतसिंगनं पेटी उलटी केली, कान लावला, फुंकर घातली. "जान हाये काकी हिच्यात. कमान तुटली नाही, तिचा टोकाचा कान तुटला. कमान ठेवून जा, म्या नवा कान पाडून देतो. पन कमान आखूड होईन. एका चावीत आर्धंच गानं वाजन. मधात कोनी तरी हँडल फिरवत राहा लागन."

"मी फिरवतो. आनखी?"

"थाळी आना, हँडल आना, कर्णा आना. डबीची फिकर नोका करू. डबी माह्याजवळ हाये. तुमीच तं देल्ली होती मले, स्टो रिपेरीले आनला तवा. म्या नुसती पाह्यली, तं तुमी म्हनल्या, घेऊन जा."

"म्हनली असन," गोजराबाई म्हणाली. आपलीच डबी इथं सुखरूप आहे, मागावीही लागली नाही, हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. तो तिथं किती दिवस राहिला ते पुढं येईलच.

गावात यायच्या आत बातमी गावात आली होती, आणि बातमीच्या मागून सल्ले आले. कोणी म्हणालं फोनोला एरंडेल पाजा. कोणी म्हणालं, पेटी तीन दिवस रॉकेलात बुडवून ठेवा, आपोआप बोलते. एका म्हातारीनं तर फोनोवरून मीठमिरची उतरवायला सांगितली, आणि बेबीनं चुलीत ती टाकल्यावर खरंच कोणाला ठसका आला नाही तेव्हा गोजराबाईला क्षणभर वाटलं, हेच असेल. मात्र शेजारचा इंद्रभान म्हणाला, की मंगरूळहून भोंगा भाड्यानं आणा, एवढी खटपट कायले, तेव्हा तिनं त्याच्याशी बोलणं लग्नापर्यंत बंद ठेवलं. भोंग्याला वीज लागते आणि वीज वैशाखात माहेरी जाते. शिवाय ती 'भोंगा आहे' असं म्हणाली नव्हती. 'फोनो आहे' म्हणाली होती.

फोनोची थाळी शेजारच्या भागिरथाकडे रांजणावर झाकण होऊन पडली होती. गोजराबाई स्वतःची चांगली पितळी ताटली पदराखाली घेऊन तिच्याकडे गेली. पाणी प्याली. रांजणाकडे पाहिलं.

"भागिरथा, हे लोखंडी झाकन बरं नाही बाई. पान्याले जंगाचा वास येते."

"दहा वर्सं झाले काकी, वास कायचा येते? तुमीच तं देल्लं."

"तवा मले कळत नोतं. हे घे पितळी. आमच्या घरी काय कमी हाये."

"नाही वो काकी. पितळी झाकनावर बोका बसत नाही, घसरते. हे कापड लावलेलं हाये ना वरून, त्याले बरं वाटते."

आता बोक्याच्या सोयीपुढं काय बोलायचं? गोजराबाई घरी आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी ताटलीवर जुन्या गोधडीचा गोल तुकडा शिवून घेऊन गेली. बोक्याला बसवून दाखवलं. बोका बसला, गोल फिरला, डोळे मिटले. तेव्हा भागिरथानं थाळी सोडली, आणि वरून म्हणाली, "फोनोसाठी पाह्यजे होती तं सांगाचं ना काकी, मी कालच देल्ली असती."

"फोनोसाठी कोन म्हनते?"

"शेलूची जीप म्हनते."

हँडल धाकट्या जावेकडे, लिलाबाईकडे होतं. म्हणजे असायला हवं होतं. लिलाबाईच्या शेवयाच्या मशीनचा दांडा मोडला त्या साली लोहारानं फोनोचं हँडल ठोकून तिच्यात बसवलं होतं, आणि ते असं बसलं की जणू जन्माला तिथंच आलं. पण अख्ख्या गावात शेवयाचं मशीन ते एकच. वैशाख लागला की ते घराबाहेर पडायचं आणि पाऊस पडेस्तोवर घरी यायचं नाही; या बाजेवरून त्या बाजेवर, ज्याचं पीठ भिजलं त्याच्या दारी. लिलाबाई म्हणाली, "काल कस्तुराबाईकडे होतं." कस्तुराबाई म्हणाली, सकाळीच वरच्या आळीत गेलं. वरच्या आळीत फक्त बाजेवर पिठाचे डाग होते आणि वाळत घातलेल्या शेवया. तिथून खालच्या आळीत. खालच्या आळीतून मारुतीच्या पारामागं. दोन दिवस गोजराबाई आपल्याच हँडलच्या मागं उन्हातान्हात फिरली. वाटेत भेटेल त्या बाईला ती सांगायची, "सहज आलो होतो." इतकी सहज ती आजवर कुठंच गेली नव्हती.

शेवटी मशीन सापडलं ते भर कामात. बाजेच्या दोन्ही टोकांना दोन बाया, मधे भिजलेल्या पिठाचा डोंगर, आणि फिरवणारीचा हात भरून आलेला.

"सरक," गोजराबाई म्हणाली, आणि पदर खोचून दांड्याला बसली. पीठ वाळायच्या आत संपवायला लागतं. अर्ध्यावर दांडा काढता येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? दोन तास तिनं परक्या घरच्या शेवया पाडल्या. त्या घरच्या म्हातारीनं तिला वर ऐकवलंही, "बारीक येऊ दे वो गोजरा, पोरीच्या लग्नात अशाच जाड्याभरड्या वाढशीन का." सगळं पीठ संपल्यावर तिनं कमरेचा लोहाराकडून करून आणलेला नवा दांडा काढला, मशीनला बसवून दिला, आणि फोनोचं हँडल कमरेला खोचलं. मागितलं नाही. नवं दिलं. याला मागणं म्हणत नाहीत. घरी येईपर्यंत तिनं हे स्वतःला चारदा समजावलं.

कर्णा मात्र सरकारात गेला होता.

तोही तिनंच दिलेला. गावात दवंडी द्यायची तर कोतवाल देवमनचा आवाज नदीपलीकडच्या वस्तीला पोहोचत नव्हता, म्हणून एके साली तिनं फोनोचा पितळी कर्णा पंचायतीला देऊन टाकला होता. सरपंचानं तिला नारळही दिला होता. नारळ खाऊन झाला, कर्णा राहिला.

ग्रामसेवक उकंडरावानं लाल कापडाचं रजिस्टर उघडलं, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "कर्णा, पितळी, नग एक. डेडस्टॉकात हाये बाई. पंचायतीचा माल."

"म्या देल्ला तो."

"तुमी देल्ला म्हनूनच पंचायतीचा हाये."

गोजराबाईनं त्या ओळीवर आपलं बोट ठेवलं. "मंग काढाचा कसा तो तिथून?"

"एकच वाट. माल निरुपयोगी ठरवा लागते. पंचनामा, ठराव, वरून मंजुरी."

"ठरवा मंग."

"कसा ठरवू? परवाच देवमननं ढोरायच्या टोचनीची दवंडी देल्ली, तं तीन गावचे ढोरं आले. एवढा उपयोगी माल पंचायतीत दुसरा नाही."

"भोक पाडलं त्याले तं?"

"तं ते सरकारी मालाची नासधूस झाली. अन भोक पडलेला कर्णा घेऊन तुमी कराचं काय?"

बाहेर ओट्यावर देवमन कर्णा मांडीवर घेऊन चिंचेनं घासत बसला होता. आपल्या माहेरच्या वस्तूची इतकी चकाकी आपल्या घरी कधी नव्हती, हे पाहून गोजराबाईला आणखी राग आला.

तिनं तीन दिवस पंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या. चौथ्या दिवशी अर्ज करायचं ठरलं. गुरुजी टाक घेऊन बसले, ती येरझारा घालत सांगू लागली. "लिहा. उकंडराव, तुह्या बापानं कधी कर्णा पाह्यला होता का? लिहिलं का?"

"लिहिलं," गुरुजी म्हणाले. कागदावर होतं: 'मे. ग्रामसेवकसाहेब यांस सविनय नमस्कार वि. वि.'

"लिहा. आमचीच वस्तू आन आमालेच रजिस्टर दाखवते."

गुरुजींनी लिहिलं: 'आपण सदर वस्तूची उत्तम निगा राखलीत याबद्दल आभारी आहोत.'

खाली गोजराबाईनं सही केली. सही तिला येत होती. तीन अक्षरं, आणि मधला 'ज' दरवेळी भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. आपण कडक अर्ज दिला या समाधानात तिला त्या दिवशी जेवण गेलं.

अर्ज इतका गोड होता की उकंडरावाला नाही म्हणता येईना. त्यानं वाट काढली. ठराव झाला: लग्नाची दवंडी ही सार्वजनिक बाब असल्यामुळे पितळी कर्णा एक दिवसासाठी कोतवालासह देण्यात यावा, कर्णा कोतवालाच्या हातातून सुटू नये.

"म्हनजे मी दिवसभर धरून उभा राहू?" देवमन म्हणाला. "मंग जेवाले?"

"एका हातानं जेवजो," गोजराबाई म्हणाली.

लग्नाला पाच दिवस राहिले. पेटी, थाळी, हँडल आणि कोतवालाचा शब्द घेऊन ती शेलूबाजारला गेली. कमानीचा कान तयार होता. दौलतसिंगनं कमान बसवली, थाळी लावली, हँडल फिरवलं. थाळी वाऱ्यासारखी फिरली. गोजराबाई कित्येक दिवसांत पहिल्यांदा स्टुलावर नीट बसली.

"डबी लाव आता."

दौलतसिंग स्टोव्हच्या पिना चाळू लागला. "काकी, डबी गेली."

"कुठं गेली?"

"मांगच्या मंगळवारी एक बाई आली. म्हने फोनोची डबी हाये का. म्या म्हनलं हाये एक, पन सांगून ठेवली हाये. तं म्हने, कोनी? म्या म्हनलं, गोजराकाकीनं. तं म्हने, मंग माह्याचजवळ दे, आमी सोयरेच हाओत, मी देतो त्यायले."

"कोन बाई?"

"शिरपूरच्या. ठेंगन्या हायेत, बोलताना भिवया वर जाते."

गोजराबाई उठली. मग बसली. मग पुन्हा उठली, कारण तिच्या डोक्यात एक गोष्ट उजेडात आली होती. "काय रे दौलत, जिचा फोनो वाजते तिले डबी कायले लागते?"

"त्यायचा कुठं वाजते? त्यायच्या पेटीत कमानच नाही. डबी नेली, आता कमान पाहून राह्यल्या. मलेच विचारलं." दौलतसिंग जगभरची कुलपं दुरुस्त करायचा, स्वतःच्या तोंडाला मात्र त्याच्याकडे कुलूप नव्हतं. म्हणजे इकडची डबी नसल्याचं तिकडं पोहोचलं होतं, आणि तिकडची कमान नसल्याचं आता इकडं.

घरी येताना तिला हसू येत होतं आणि रडूही. केशरबाई खोटं बोलली होती. तीही खोटं बोलली होती. दोघींचं खोटं अगदी एका मापाचं निघालं. पण डबी केशरबाईकडं होती. अन मागायची म्हणजे उष्टं खायचं.

पाच दिवस तिनं कोणाला सांगितलं नाही. बेबीच्या हळदीला ती गाणं म्हणता म्हणता मधेच थांबे. सुया कुठंच मिळत नव्हत्या, तेव्हा गुरुजींनी बाभळीचे काटे तासून एक मूठभर पुडीत बांधून आणून दिले. अशानं तबकडीला ओरखडा पडत नाही, असं त्यांनी कधी तरी वाचलं होतं. घरात तबकडीही एकच उरली होती, सनईची. बाकीच्या तिनं एके साली गरम पाण्यात वाकवून त्यांचे वाडगे केले होते आणि वाटले होते. काटे पाहून ती नुसती 'बरं' म्हणाली. हे ऐकूनच गुरुजी घाबरले.

लग्नाच्या दिवशी उन्हं कलताना शिरपूरचं वऱ्हाड आलं. पहिल्या बंडीत केशरबाई, तिच्या मांडीजवळ शालीत झाकलेली पेटी. मांडवात टेबलावर इंझोरीचा फोनो मांडला होता; त्याच्या मागं देवमन कोतवाल खाकी सदऱ्यात, कर्णा दोन्ही हातांनी छातीशी धरून. केशरबाईनं आपली पेटी शेजारी ठेववली. शाल काढली नाही. इंझोरीचे चारही भाऊ पुढच्या सतरंजीवर मिशांना पीळ देत बसले होते. आळीतल्या बाया, शेलूची जीप, वरची आळी, खालची आळी, सगळे टेबलाकडं पाहत होते.

नवरदेव जगदेव वेशीतून निघाल्याची वर्दी आली.

विहिणींची भेट तेवढी व्हायची होती. गोजराबाईनं केशरबाईला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, तांदूळ घातले, आणि वाकून कानाशी म्हणाली, "इनबाई, तुमच्यात कमान नाही. माह्यात डबी नाही. लोकायले दोन फोनो दिसून राह्यले. एक तरी वाजाले पाह्यजे."

केशरबाईच्या भिवया वर गेल्या. "मागून राह्यल्या का?"

"सांगून राह्यलो."

"सांगता ते आईकलं. मागा, मंग देतो."

ताशा वेशीवरून पारापाशी आला. गोजराबाईनं मान वळवली. आतल्या दाराशी बेबी मुंडावळ्या बांधून उभी होती आणि आईच्या तोंडाकडं पाहत होती. ती टेबलाकडं पाहत नव्हती. उद्यापासून ती या बाईच्या घरी राहणार होती, या भिवयांखाली. आणि आज इथं दोन मुक्या पेट्यांवरून जी तेढ पडेल ती तिच्याच वाट्याला येणार होती, रोज, पाटापाशी. बावीस दिवस गोजराबाईनं इंझोरीचा विचार केला होता. हा विचार तिला आत्ता आला.

तिनं तांदळाची मूठ ओटीत सोडली. "द्या," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता, की केशरबाईलाही तो ऐकून कसंसंच झालं. तिनं दुसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही. आपल्या पिशवीतून तिनं खण काढला, खणात बांधलेली डबी काढली, आणि गोजराबाईच्या ओटीत घालून वर मूठभर तांदूळ टाकले. लोकांना वाटलं, दागिना असेल. डबीच्या काठावर लाखेचा तांबडा ठिपका होता. गोजराबाईच्या बापानं चीर बुजवायला लावलेला.

लग्नाला आलेल्या दौलतसिंगनं डबी बसवली, काटा खोचला. देवमननं कर्णा नळीला भिडवला आणि श्वास धरला. त्याच्या कर्ण्याचा आटा कधीच गेला होता, त्यामुळं ठराव नसता तरी कोणाला तरी तो धरूनच उभं राहावं लागलं असतं. गोजराबाईनं हँडल फिरवलं. नवरदेवाचं पाऊल मांडवात पडलं, आणि इंझोरीचा फोनो वाजला.

सनई अशी उठली, की वेशीजवळचे बैल वळून बघायला लागले. अर्ध्यावर कमान सुटली. सनई खाली खाली येत पारडू हंबरल्यासारखी झाली. गोजराबाईनं दोन वेढे दिले, पारडाची पुन्हा सनई झाली. देवमनला मधेच शिंक आली ती कर्ण्यातून गेली असं म्हणतात. पण इंझोरीचे भाऊ म्हणतात तो तालाचा ठोका होता. सगळ्या मांडवात पापडखाराचा वास दरवळत होता आणि लोकांना भूक लागली. अक्षता पडेपर्यंत तिनं दांडा सोडला नाही. तिचा हात शेवयांनी तयार झालेला होता.

पाठवणीच्या वेळी, सगळे बंड्यांजवळ जमले असताना, केशरबाई टेबलाशी आली. "इनबाई, माही डबी तेवढी काढून द्या."

गोजराबाईनं सभोवार पाहिलं. चार भाऊ होते, भागिरथा होती, लिलाबाई होती, बोलणं बंद असलेला इंद्रभानही होता. तिची मान हळूहळू वर आली.

"डबी कायले काढता," ती मोठ्यानं म्हणाली. "फोनोच घेऊन जा. आमच्या घरी काय कमी हाये."

गुरुजींनी डोळे मिटले. बावीस दिवसांची धावपळ दोन गड्यांनी उचलून बंडीत ठेवली. लोक म्हणाले, बाई असावी तं अशी. केशरबाईच्या भिवया खाली आल्या. बेबी रडली, गोजराबाई रडली, बंड्या निघाल्या. देवमन कर्णा बगलेत मारून पंचायतीकडं जमा करायला गेला.

बंड्या दिसेनाशा झाल्यावर गोजराबाई ओसरीवर टेकली, पदराचा खोचा सोडला, आणि कमरेचं हँडल काढून मांडीवर ठेवलं.

आठव्या दिवशी शिरपूरहून बेबीचं कार्ड आलं. गुरुजींनी वाचलं. बेबी खुशाल होती. सासूबाई बऱ्या वागत होत्या. पेटी समोरच्या खोलीत शाल टाकून मांडली होती आणि माणसं रोज पाहून जात होती. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, सासूबाई विचारतात, फोनोचं हँडल तिकडं राहिलं आहे काय.

"लिहा," गोजराबाई म्हणाली. ती मांडी घालून, भिंतीला पाठ लावून बसली होती. महिनाभरात अशी बसलेली तिला कोणी पाहिलं नव्हतं. "मागा म्हनाव. मंग देतो. लिहिलं का?"

"लिहिलं," गुरुजी म्हणाले.

कार्डावर होतं: 'हँडल येथे सुखरूप आहे. कर्ण्यासाठी नवा अर्ज करीत आहोत. सर्वांनी पाऊस पडण्याआधी शेवया खायला यावे.'